पंचांग बघून सायकल काढा: वाशी ते दिवाळे, खाडीच्या कडेने

नवी मुंबईत सायकल घेतली की पहिला रविवार पाम बीच रस्त्यावरच जातो. वाशीपासून बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत साधारण १० किलोमीटरचा हा रस्ता रुंद आणि जवळपास सपाट आहे. मीही दोन वर्षं तिथेच जात होते. हळूहळू एक गोष्ट मनात सलायला लागली. इतकं अंतर खाडीला लागून जायचं आणि खाडी जवळजवळ दिसतच नाही! मध्ये तिवरांची दाट रांग उभी असते. खाडी बघायची तर रस्ता सोडून आत वळावं लागतं, आणि भरती-ओहोटीची वेळ साधावी लागते.

ही वेळ कशी काढायची ते मला बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी शिकवलं. म्हणाले, "तिथीचा पाऊणपट कर पोरी, भरतीची वेळ मिळेल." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तीच वेळ सकाळी आणि तीच संध्याकाळी, थोडंफार मागेपुढे. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. खाडीत जसजसं आत जाल तसं पाणी थोडं उशिरा पोचतं.

सायकलवाल्याला याचा उपयोग काय? तर रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, ओहोटीला खाडीच्या उघड्या चिखलात चरतात. भरतीने तो चिखल बुडाला की त्यातले बरेच उठून सीवूड्स-नेरूळच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. वेळ चुकली तर नुसता चिखल बघून परत यावं लागतं. माझं तसं तीनदा झालंय.

म्हणून या वेळी वहिनींना म्हटलं, "फाल्गुन शुद्ध एकादशीला निघू या. भरती सव्वाआठची आहे." वहिनींचा उपास होता, पण त्या लगेच तयार झाल्या. पावणेसहाला कोपरखैरण्याहून निघालो. पुढे-मागे दोन्ही दिवे लावलेले. ते पहाटे लावाच, कारण रिकाम्या रस्त्यावर गाड्या फार जोरात येतात.

पहिला थांबा वाशीचं सागर विहार. इथे आणि शेजारच्या मिनी सीशोअरला सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे सायकल हातात धरून चाललेलं बरं. खाडी पश्चिमेला आहे. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून पडतं आणि समोरचा पक्षी नीट उजळतो. संध्याकाळी सूर्य समोर येतो, आणि मग सूर्यास्त सुंदर दिसला तरी पक्षी नुसते काळे ठिपके होतात. आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. चिखलाच्या उरलेल्या पट्टीवर शेकाटे आणि तुतवार हे पक्षी लगबगीने चरत होते. कडेच्या दगडांवर निवट्या उड्या मारत होत्या. वहिनींनी निवटी पहिल्यांदाच पाहिली. मासा असून पाण्याबाहेर कशी राहते, हा प्रश्न त्यांना दिवसभर पुरला.

वाशी स्टेशनजवळ सायन-पनवेल महामार्ग आडवा येतो, तो टप्पा आणि पुढचा सानपाड्याचा मोराज सर्कल सांभाळून पार करा. गाड्या एकदम डावीकडे घुसतात. मोराज ओलांडला की पाम बीच मोकळा होतो. डावी कड धरायची आणि शेजारी शेजारी चालवत गप्पा मारायच्या नाहीत. आम्ही वीस पावलांचं अंतर ठेवतो.

नेरूळला सारसोळेच्या सिग्नलपाशी खाडीच्या बाजूला वळलात की कोळ्यांची छोटी जेट्टी आहे. दोन्ही बाजूंना तिवरं आणि मधून पाण्याची चिंचोळी वाट. ही माझी सगळ्यात आवडती जागा. शहर मागे शंभर पावलांवर असतं आणि इथे फक्त पाणी चढल्याचा आवाज. जेट्टी त्यांच्या कामाची जागा आहे, हे मात्र लक्षात ठेवा. जाळ्यांवरून सायकल नेऊ नका, होड्यांत चढून फोटो काढू नका.

पावणेआठला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीशी पोचलो. पक्षी अजून थोडेच होते. वहिनी म्हणाल्या, "आजही चुकलं वाटतं तुमचं पंचांग." मी म्हटलं, "पंधरा मिनिटं थांबा." सव्वाआठच्या सुमारास खाडीच्या बाजूने पहिली रांग आली. मान पुढे, पाय मागे ताणलेले, पंखांखाली लाल आणि काळं. मग दुसरी रांग, तिसरी. साडेआठपर्यंत समोरचं पाणी गुलाबी झालं होतं. वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त माझा दंड घट्ट धरून उभ्या राहिल्या.

इथले बहुतेक छोटे रोहित, मध्येच एखादा उंच, फिकट मोठा रोहित. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत ते इथे असतात. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर हा पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. पण अभयारण्यातले पक्षी भरतीला जिथे येऊन उभे राहतात, ती तळीही तितकीच जपायला हवीत. त्यांत खाडीचं पाणी येत-जात राहिलं तरच पक्षी येतील. बांधावर आवाज करू नका, ड्रोन उडवू नका, पक्षी उडावेत म्हणून दगड मारणारा दिसला तर त्याला थांबवा. मी थांबवते.

बांधाची कच्ची वाट काट्यांची आहे. माझं मागचं चाक तिथेच बसलं. जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप सोबत होता म्हणून पंचवीस मिनिटांत सुटलो. रविवारी सकाळी पंक्चरचं दुकान उघडं मिळेल या भरवशावर निघू नका. बारीक टायरची रेसिंग सायकल असेल तर डांबरी रस्त्यावर ठेवून आत चालत जा.

पुढे करावे गाव मागे टाकून किल्ला जंक्शन. हे नाव बेलापूर किल्ल्यावरून पडलं. चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आज उरला आहे तो एक बुरूज आणि थोडं पडकं बांधकाम. दहा मिनिटं पुरतात.

दिवाळे कोळीवाड्यात मात्र तासभर रमलो. जेट्टीवर ताजी मासळी उतरत होती, आणि उपास असूनही वहिनी चिंबोऱ्यांचा भाव विचारून आल्या. समोर पनवेलची खाडी, तिच्यापलीकडे नवा विमानतळ. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतात. मासळीची होडी लागताना डोक्यावरून विमान जातं, आणि होडीतलं कुणी मान वर करत नाही.

अनेकजण इथून पुढे उरणला जायचा बेत करतात. जेएनपीए बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर त्या बाजूच्या रस्त्यांवर सतत असतात, म्हणून एकट्याने जाऊ नका असंच मी सांगेन. अटल सेतूवर सायकल काय, दुचाकीलाही बंदी आहे. चढाची हौस असेल तर बेलापूरहून पारसिक टेकडीवर जा. अंतर थोडं आहे, पण चढ खडा आहे.

परतीला उशीर करू नका. दुपारी खाडीवरून वायव्येचा वारा सुटतो आणि वाशीकडे येताना तो समोरून लागतो. सकाळी दहाला जो रस्ता पाऊण तासाचा, तो दुपारी तीनला सव्वा तास खातो, वर ऊन वेगळं. माणशी दोन लिटर पाणी घ्या. सीवूड्सला स्टेशनजवळ साबुदाण्याची खिचडी खाऊन आम्ही साडेअकराला घरी होतो. मीटरवर सगळी वळणं धरून ३९ किलोमीटर. घरी येताच साखळी पुसून तेल दिलं. खाडीच्या खाऱ्या हवेने ती लवकर गंजते.

आता वहिनींनी कालनिर्णयात अमावास्येवर खूण केलीय. त्या दिवशी सकाळी सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी असेल, म्हणजे उजाडताना वाशीचा चिखल लांबवर उघडा. तेव्हा सागर विहारच्या पुढे जायचंच नाही, असं ठरलंय.