एकवाढी

चातुर्मास जवळ आला की आमच्या घरात ‘यंदा काय सोडणार?’ ही चौकशी सुरू होते. सोडणाऱ्यांत देवभोळे थोडे, हौशी जास्त. कुणी कांदा-लसूण-वांगं सोडतं, तेही आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, भजी, थालीपीठ आणि झुणक्याचा फडशा पाडून मग. कुणी चहातली साखर सोडतं आणि आठवड्याभरात सगळ्यांशी भांडून घेतं. शास्त्राने तर महिन्यांची वाटणीच करून ठेवली आहे : श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळी-कडधान्यं नाहीत. ही यादी करणारा माणूस स्वयंपाकघरात फारसा जात नसावा. वरणाशिवाय महिनाभर भात कशाशी कालवायचा, हे त्याने कुठे सांगितलेलं नाही.

मी धरते तो नेम एकवाढीचा. जे जेवायचं ते एकदाच ताटात वाढून घ्यायचं, नंतर काही मागायचं नाही आणि कुणी दिलं तरी घ्यायचं नाही. पदार्थांवर बंधन शून्य. श्रीखंड घ्या, बटाट्याची भाजी घ्या, हवं ते घ्या. पण एकदाच.

ऐकायला सोपं वाटतं. पण आपलं जेवण मुळात टप्प्याटप्प्याने चालणारं. आधी वरण-भात, त्यावर तूप, लिंबू, मग पोळ्या, मग आमटीशी मागचा भात, शेवटी ताकभात. एकवाढीत ही सगळी मंडळी एकदमच हजर होतात. ताकासाठी राखलेला भात कडेला गार होत ताटकळतो, तव्यावरची पोळी नशिबात नसते, आणि आमटीची वाटी शेवटच्या घासापर्यंत पुरवावी लागते. त्याहून अवघड म्हणजे भूक किती आहे हे जेवायच्या आधीच ठरवायचं. हा प्रश्न कधी कुणी विचारलेलाच नसतो. आपण पोट भरेपर्यंत जेवतो असं म्हणतो. खरं तर पातेलं रिकामं होईपर्यंत जेवतो, नाहीतर वाढणारी दमेपर्यंत.

पातेल्याचं खास बायकांना सांगायला नको. सगळ्यांची जेवणं झाली की तळाशी दोन चमचे भाजी उरते, अर्धी पोळी उरते, कोशिंबीर तर उरतेच. एवढ्याशासाठी फ्रिजमध्ये डबा कुठे ठेवायचा, म्हणून ‘संपवून टाक ना’. घरातल्या बाईचं पोट ही भांडी मोकळी करायची हक्काची जागा असते. एकवाढी धरली आणि ती जागा बंद झाली. उरलेली भाजी डब्यात जायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी तिचं थालीपीठ होऊन सगळ्यांच्याच ताटात पडायला लागली. मला या नेमाने दिलेलं सुख म्हणाल तर एवढंच. ताट वाढून झालं की विषय संपला. अजून अर्धी घेऊ का, कढईत किती आहे, कुणाला कमी पडेल का, यातलं काही मनात येत नाही. आहे ते खायचं. कोशिंबिरीतला जिऱ्याचा दाणासुद्धा दाताखाली कळतो.

दुसरं सुख पाहुणचारातलं. माझ्या आत्याच्या आग्रहापुढे कुणाचं काही चालत नाही. ‘पोट भरलं’ म्हटलं तर ‘तुझ्या वयात आम्ही...’ सुरू होतं. ‘डाएट आहे’ म्हटलं तर ती हसते आणि वाढते. डॉक्टरांचं नाव काढलं तर डॉक्टरांचीही अक्कल काढते. पण ‘आत्या, एकवाढी आहे गं माझी’ म्हटल्याबरोबर पळी जागच्या जागी थांबते. वर ‘बरं केलंस हो बाई’ असं कौतुकही होतं. स्वतःच्या मर्जीने नको म्हणणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी जुमानत नाही; नेम म्हटला की सगळे सांभाळून घेतात.

गांधीजींनाही हाच आग्रह नडला होता. कलकत्त्याला त्यांच्या फळं-सुकामेव्याच्या आहारासाठी यजमानांच्या घरातल्या बायका रात्रभर जागून मेवा सोलत बसल्या होत्या. रंगूनलाही यजमानांची अशीच तारांबळ उडाली. ते सगळं आठवून त्यांनी 1915च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात व्रत घेतलं : हिंदुस्थानात असेपर्यंत 24 तासांत पाचांहून जास्त पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही. पळवाट राहू नये म्हणून आजारपणातलं औषधही त्या पाचांतच धरलं. वाचून मला धडकीच भरते. मला एवढं झेपायचं नाही. जन्मभराचं म्हटलं की माझं मन आधीच पळवाटा शोधायला लागतं.

माझी आजी या बाबतीत हुशार. काशीला गेलं की आवडती भाजी किंवा फळ कायमचं सोडून यायचं, अशी रीत. आजीने पडवळ सोडलं. पडवळ तिला कधी आवडत होतं, हे घरात कुणालाच आठवत नाही. आजोबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘देवाला कुठे माहीत आहे!’

चातुर्मासाचं बरं असं की तो कार्तिकी एकादशीला संपतो. अर्थात 2023 साली अधिक श्रावण आला आणि चाराचे पाच महिने झाले, तेव्हा आमच्याकडचे चहावाले पंचांगावरच चिडले होते. मला मात्र तो जादा महिना जाणवला नाही. नेम सुटला तरी ताट आपसूक तेवढंच वाढलं जातं. फक्त ताकभाताचा भात आता मी मागाहून, गरम घेते.

यंदा जेवताना फोन सोडावा असं मी सुचवलं, तर मुलगा म्हणाला, ‘हे कुठल्या पोथीत लिहिलंय?’ आत्याचं मत विचारायला त्याने लगेच तिला फोन लावला. जेवता जेवताच.