मुंबईच्या सुनेवरचा आळ

गणपतीच्या दिवसांत आमच्या कणकवलीच्या बाजूला मुलांच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नसते. त्यात एका रात्री एकाच घरातली दोन बाळं आली. एक गावातल्या थोरल्या सुनेचं, अजून बारसं होऊन फार दिवस न झालेलं. दुसरं सणाला मुंबईहून आलेल्या धाकटीचं. दोघांनाही धाप, श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणारा, छातीत शिटी. ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांची सूज.

आजींचं निदान माझ्याआधी झालं होतं. "ह्यां दुखणां मुंबयसूनच इला!" धाकटी मान खाली घालून बाळाच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी धरून बसलेली. रेल्वेचा खच्चून भरलेला डबा डोळ्यांसमोर आणला तर आजींचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं.

उपचार दोघांना सारखेच: ऑक्सिजन, नाक साफ करणं, नळीने थोडं थोडं दूध. अँटिबायोटिक नाही. 'भारी इंजेक्शन' देत नाही म्हणून मुलांच्या आजोबांचा माझ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

त्या हंगामात आमचे काही स्वॅब विषाणूंच्या अभ्यासासाठी बर्फाच्या खोक्यातून पुण्याला जात. या दोघांचेही गेले. अहवाल आला तेव्हा बाळं कधीच घरी गेली होती. दोघांतही आरएसव्ही, म्हणजे श्वासमार्गाला धरणारा एक विषाणू. त्याचे ए आणि बी असे दोन गट. पण थोरलीच्या बाळात बी गटाचा आणि मुंबईच्या बाळात ए गटाचा!

या विषाणूचा जनुकीय मजकूर साधारण पंधरा हजार अक्षरांचा. त्यातलं 'जी' प्रथिनाचं जनुक सर्वात चंचल. ए गटातल्या एका वाणात तिथली ७२ अक्षरं दोनदा आलेली आहेत. तो २०१० मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत सापडला. बी गटातल्या दुसऱ्यात ६० अक्षरं दोनदा. तो १९९९ मधला, ब्यूनस आयर्सचा. दोघेही जगभर पसरले, आणि आमच्या दोन बाळांत नेमके हेच दोन निघाले. ए गटाचा बी गट प्रवासात होत नाही. म्हणजे धाकटीच्या बाळाने भावाला काही दिलं नव्हतं.

तपासणीला सगळे आले तेव्हा हे मी मुद्दाम आजींसमोर सांगितलं. धाकटीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. थोरलीचा प्रश्न मात्र कामाचा होता: "आता याला पुन्हा नाही ना होणार?" होऊ शकतो, म्हटलं. आरएसव्हीची प्रतिकारशक्ती टिकाऊ नसते, माणसाला तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा होतो. पण पुढच्या खेपा बहुधा हलक्या जातात. 'एफ' नावाचं दुसरं प्रथिन दोन्ही गटांत बरंचसं सारखं असतं, म्हणून नव्या लसी त्यावर बेतल्या आहेत, हेही सांगितलं.

आजी वेगळ्याच विचारात होत्या. "मगे आमच्या नातवाक खयसून झाला?"

मी विचारलं, घरात आणखी लहान कोण? थोरलीचा मोठा मुलगा, बालवाडीत जाणारा. सणाआधी त्याचं नाक वाहत होतं. त्याचा स्वॅब घेतलेला नव्हता, त्यामुळे मी काही बोललो नाही.

आजींना तेवढं पुरलं. दाराबाहेर पडता पडता त्या बालवाडीच्या बाईंवर घसरल्या होत्या.