आन्सी सरोवराची प्रदक्षिणा: चार फेऱ्यांची नोंद

मार्चमध्ये ठरवलं ते एवढंच. सामान लादलेल्या टूरिंग सायकलवर फ्रान्समधल्या आन्सीच्या सरोवराला पूर्ण वळसा घालायचा, आणि त्यात गाड्यांच्या रस्त्यावरून जितकं कमी जाता येईल तितकं कमी जायचं. ऑक्टोबर संपेपर्यंत चार फेऱ्या झाल्या. ज्यांना पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगा, लावून युरोपात पहिली टूर करायची आहे, त्यांनी डोळे झाकून इथून सुरुवात करावी असं आता मी खात्रीने सांगतो.

मी जिनिव्हात राहतो. तिथून लेमाँ एक्सप्रेस ही लोकल थेट आन्सीपर्यंत जाते. सायकल डब्यात नेता येते, पण जागा मोजक्या असतात, म्हणून मी नेहमी पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडतो. सरोवर ४४७ मीटर उंचीवर आहे, साडेचौदा किलोमीटर लांब, उत्तर-दक्षिण पसरलेलं. उत्तर टोकाला आन्सी शहर, दक्षिण टोकाला दुसार गाव. पूर्ण वळसा साधारण ४० किलोमीटरचा.

दोन काठांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा. पश्चिमेकडे १९०१ साली आन्सी ते आल्बेरव्हिल रेल्वे सुरू झाली होती. ती बंद पडली, रूळ निघाले आणि त्याच पट्ट्यावर डांबरी सायकलमार्ग झाला. त्याला तिथे ‘व्हुआ व्हेर्त’ म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. मोटारींना बंदी आहे. चालणारे, स्केट्सवाले, बाबागाडी ढकलणारे आईबाप आणि आपण, असे सगळे मिळून ती वापरतो. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे बांधणाऱ्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच डोंगर कापून, भराव घालून उंची सारखी करून ठेवली होती. चौदा किलो सामान लादलेल्या सायकलला याहून चांगला रस्ता मी आजवर पाहिलेला नाही. पूर्वेला असा पट्टा नाही. तिथे डोंगर सरळ पाण्यात उतरतात.

पहिली फेरी मे महिन्यातली. नकाशात पश्चिमेची वाट ठळक दिसत होती, म्हणून साहजिकच तिकडून निघालो. शहर सुटलं, सेव्रिए आलं, मग सँ-जोरिओ. वेग सतराअठरा, श्वास शांत, डावीकडे पाणी. पण पॅडलच्या दर फेऱ्याला उजवी टाच पॅनियरला ठक्क करून लागत होती. माझे पाय लांब, त्यात या सायकलची मागची चौकट आखूड. पाच किलोमीटर दुर्लक्ष केलं आणि गुडघा दुखायला लागला. सँ-जोरिओत बाकावर बसून पॅनियरचे हुक सोडवले, दोन्ही बॅगा कॅरिअरवर जेमतेम तीन बोटं मागे सरकवल्या आणि खालची आकडी नव्या जागी आवळली. ठकठक बंद. सामान मागे गेल्याने हँडल थोडं हलकं वाटायला लागलं, म्हणून पाण्याची मोठी बाटली आणि अवजारांची पिशवी पुढच्या बॅगेत टाकली. नवी सायकल असेल तर हे घरीच, सामान भरून, गल्लीत दोन चकरा मारून तपासा.

पुढे द्वँ. इथे तायफेर डोंगराची सोंड पाण्यात घुसते आणि सरोवराचे दोन भाग करते, उत्तरेला मोठं आणि दक्षिणेला धाकटं. सोंडेच्या टोकाशी पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा किल्ला आहे. रेल्वेने ही सोंड बोगद्याने ओलांडली होती, आता त्याच बोगद्यातून सायकली जातात. आत दिवे आहेत, तरी स्वतःचा दिवा लावावाच. उन्हातून आत शिरताना दोनतीन सेकंद काहीच दिसत नाही आणि तेवढ्यात समोरून एखादं पोर अंगावर येतं.

दुसारपर्यंत मजेत गेलो. पूर्वेच्या काठाने परत निघालो तेव्हा दुपारचा एक वाजला होता, शनिवार होता, आणि रस्ताभर मोटारी. आँगों, तालुआर, आणि तालुआरच्या पुढचा चढ. इथे रॉक द शेर नावाचा खडकाळ डोंगर आडवा येतो. त्याचे कडे थेट पाण्यात उतरलेले, त्यामुळे रस्ता काठ सोडून त्याच्या मागून वर चढतो आणि पलीकडे माँतोंला उतरतो. उंची फार नाही, शंभर मीटरच्या आतबाहेर. पण तीस किलोमीटर झालेले, ऊन डोक्यावर, मागून गाड्यांची रांग, आणि मी रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला कठड्याशी चिकटून. सरोवर पलीकडच्या बाजूला, तेही गाड्यांच्या फटीतून दिसणारं. घरी आल्यावर मी वहीत लिहिलं: पूर्व किनारा टूरिंगसाठी बाद.

ते चूक होतं. रस्ता बाद नव्हता, माझी दिशा चुकली होती.

जून संपताना लक्षात आलं की मी सरोवराला उलटी फेरी घातली होती. देवळात आपण देव उजव्या हाताला ठेवून फिरतो. फ्रान्समध्ये वाहनं उजवीकडून चालतात. म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने निघालो की आपण कायम पाण्याकडच्या बाजूला. आन्सीहून आधी पूर्वेला, मग दक्षिणेला, मग पश्चिमेच्या रेल्वेवाटेने परत. (आपल्याकडे डावीकडून चालतात, त्यामुळे एखाद्या तलावाला अशी फेरी घालायची तर हिशेब नेमका उलटा होईल.) यात फक्त देखाव्याचा प्रश्न नाही. चढ पहिल्या पंधरा किलोमीटरमध्येच येतो, पाय ताजे असतात. आणि रहदारीचा तुकडा सकाळी लवकर उरकतो.

म्हणून दुसऱ्या वेळी आदल्या रात्री आन्सीत मुक्काम केला आणि सकाळी सहाला निघालो. शहराच्या पूर्वेला काठाने सायकलची वेगळी पट्टी आहे, व्हेरिएच्या बाजूला तिचा आणखी काही भाग मिळतो. माँतोंपासून चढ. सगळ्यात लहान गिअर, बसूनच, घाई न करता. वर पोहोचेपर्यंत मला किती गाड्या ओलांडून गेल्या ते मी मोजलं: नऊ. मे महिन्यात एका मिनिटात तेवढ्या गेल्या असतील. तालुआरच्या उतारावर डोक्यावर २३५१ मीटर उंच तूर्नेत डोंगराचे कडे, त्यांना नुकतं ऊन लागलेलं. खाली खाडीत पाणी एवढं नितळ की धक्क्याजवळचे तळातले दगड दिसत होते.

या नितळपणाबद्दल दोन ओळी लिहितोच. १९५०च्या दशकात हे सरोवर सांडपाण्याने बिघडायला लागलं होतं. काठच्या गावांनी १९५७ मध्ये एकत्र येऊन एक संस्था काढली आणि नंतरच्या वर्षांत सरोवराभोवती गटारवाहिनीचं कडं बांधलं. गावांचं पाणी सरोवरात न सोडता त्या कड्यातून शुद्धीकरणाला नेलं. पाणी चांगलं झालं त्याचं कारण हे. वाटेवर थांबून पाण्यात हात घालताना मला दर वेळी ती माणसं आठवतात.

सकाळी साडेआठला दुसार, आणि तिथून मोकळी वाट. द्वँच्या आधी सरोवराच्या टोकाशी पाणथळ जागेचं राखीव क्षेत्र आहे, बोरूच्या बेटातून लाकडी पायवाट जाते. सायकल बाहेर लावून पायी जावं. दुसारच्या कुरणावर वरून पॅराग्लायडर उतरत असतात, त्यांना बघत मी थालीपीठ खाल्लं. पाणी भरताना गावातल्या नळावरची पाटी वाचा: ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं, मधे ‘नों’ असेल तर बाटली भरू नका.

तिसरी फेरी मी माझ्या नोंदीत अर्धीच धरतो. सप्टेंबरात पुण्याहून काका आले होते, वय ६६. त्यांना भाड्याची सायकल घेऊन दिली आणि फक्त पश्चिमेची वाट, द्वँपर्यंत जाऊन परत. माझी धाकधूक चालली होती.

“काका, दमलात तर सांगा हं, थांबू आपण.”

“अरे, हा काय रस्ता आहे! मला तर चढ लागतच नाही. तू चल पुढे.”

द्वँच्या बोगद्यात शिरल्यावर ते एकदम थांबले, भिंतीला हात लावून उभे राहिले. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत ते कात्रजच्या जुन्या बोगद्यातून खेड शिवापूरला सायकलने जायचे. मागून ट्रकचा आवाज आला की अंधारात भिंतीला चिकटायचे. “इथे मागे बघावंच लागत नाही रे,” म्हणाले. त्या दिवशी आमचे २४ किलोमीटर झाले, आणि परतीच्या गाडीत त्यांनी माझ्याकडून पॅनियरच्या किमती लिहून घेतल्या.

चौथी फेरी ऑक्टोबरात, दोन दिवसांची. यावेळी पूर्व काठाने दुसारला पोहोचून परत न वळता जुन्या रेल्वेच्या पट्ट्याने पुढे गेलो, फावेर्झ, युजीन आणि आल्बेरव्हिल. फावेर्झपर्यंत चढ आहे, पण एवढा सावकाश की गिअर उतरवत गेलो तरच कळतो. फावेर्झच्या पुढे पाणी वाटून जातं. अलीकडचे ओढे सरोवराकडे वाहतात, पलीकडचे इझेर नदीच्या खोऱ्याकडे. तिथून खाली उतरतच जातो. युजीनपर्यंत दरी अरुंद, दुपारीच सावली पडते, तेव्हा विंडचीटर हाताशी ठेवा. आल्बेरव्हिलला, १९९२च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या गावात, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने सँ-जोरिओवरून आन्सी. दोन दिवसांत ९५ किलोमीटर, त्यातले गाड्यांबरोबरचे मोजून पंधराच्या आसपास.

परतताना सेव्रिएजवळ कॅरिअरचा डावा खालचा बोल्ट ढिला झाला. आवळला, पण आटे थोडे गेले आहेत. तो बदलून त्यावर आटे धरून ठेवणारा निळा गोंद लावायचा आहे. मागचा ब्रेक पॅडही आता झिजलाय, तालुआरचा उतार चौदा किलोसह दोन वेळा झाला त्याचा परिणाम.

काही सूचना, मागणी होती म्हणून. रेल्वेवाट गावातले छोटे रस्ते ओलांडते तिथे बऱ्याच ठिकाणी थांबण्याची पाटी आपल्यालाच असते. मोटारी अडवायला खांब लावलेत, पॅनियर रुंद असतील तर त्यांच्या मधून नेम धरून जा. जुलै-ऑगस्टच्या रविवारी ही वाट तुळशीबागेसारखी भरते, तेव्हा सकाळी नऊच्या आत पार व्हा आणि घंटी लांबूनच हळू वाजवा. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात सायकलस्वाराला चमकणारं जाकीट कायद्याने सक्तीचं आहे. ऑक्टोबरात सकाळी सरोवरावर धुकं असतं, मला ते दोन्ही दिवस घालावं लागलं. आन्सीजवळच्या सम्नो डोंगराच्या चढाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. २०१३च्या टूर द फ्रान्समध्ये किंताना या सायकलपटूने जिंकलेला टप्पा तिथे संपला होता. तो घाट सुंदर असेल, पण रहदारीचा आहे आणि माझ्या या कामात बसत नाही.

सायकल आता उलटी करून बाल्कनीत ठेवली आहे. बोल्ट आणि पॅड या शनिवारी. एप्रिलमध्ये काका परत येतायत, स्वतःचे पॅनियर घेऊन, आणि यावेळी त्यांना माँतोंचा चढही करायचाय. सहाला निघायचं असं त्यांनीच ठरवलंय.