पद्मिनीचं फ्युएल प्रेशर: इंजिन बंद केल्यावर चढणारा काटा

पेट्रोलचा नवा मेकॅनिकल पंप बसवल्यापासून माझी जुनी प्रीमियर पद्मिनी थंडीत झकास चालत होती. पण भर उन्हात सोलापुरात सात रस्त्याला थोडा वेळ बंद करून उभी केली, की परत सुरू होताना रडायची. सगळ्यांचं निदान एकच, व्हेपर लॉक. मला ते पटेना. व्हेपर लॉकमध्ये पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल पुढे पोचत नाही. इथे बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा आणि प्लग ओले.

मग पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून ० ते १५ पीएसआयचा (प्रेशरचं एकक) गेज लावला. आयडलिंगला साडेपाच! एवढ्याशा कार्ब्युरेटरला तीनच्या आसपास, म्हणजे ०.२ बार पुरे. त्यापुढे कार्ब्युरेटरच्या चेंबरमधल्या तरंगत्या फ्लोटला पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह दाबून धरता येत नाही आणि चेंबर ओसंडतो.

या पंपात प्रेशर इंजिनच्या वेगावर नाही, स्प्रिंगवर ठरतं. कॅमशाफ्टच्या रेट्याने लिव्हर डायफ्रॅम (पंपातला लवचीक पडदा) खाली ओढते, वर ढकलायचं काम स्प्रिंगचं. स्प्रिंग कापायचा सल्लाही मिळाला. तो मी मानला नाही, कापलेली परत जोडता येत नाही. त्याऐवजी पंप आणि ब्लॉकमधल्या बेकेलाइट स्पेसरला पॅकिंगं वाढवत गेलो. लिव्हरची पोच कमी, स्प्रिंग कमी दबते, प्रेशर कमी. काटा साडेतीनवर आला. फार जाड पॅकिंग मात्र नको, चढावर पेट्रोल कमी पडतं.

खरी गंमत पुढे. गाडी गरम करून बंद केली आणि गेजकडे बघत बसलो. काटा साडेतीनवरून सहाच्या वर! पंपाचा व्हॉल्व्ह पेट्रोल मागे जाऊ देत नाही, पंखा थांबलेला, ब्लॉकची उष्णता पाइपात. कोंडलेलं पेट्रोल फुगतं आणि नीडल उचलून चेंबरमध्ये घुसतं. पंपाचं प्रेशर कमी करणारा स्वस्तातला डायलवाला रेग्युलेटर इथे काय करणार? कोंडलेल्या पेट्रोलला तो वाट देत नाही.

उपाय रिटर्न लाइन, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप. टीमध्ये १ मिमी भोकाचा जेट, तिथून पाइप टाकीत. टाकीला रिटर्नचं तोंड नव्हतं, म्हणून ती उतरवून अक्कलकोट रोडच्या एका रेडिएटरवाल्याकडे नेली. त्याने आधी ती पाण्याने भरली, सांध्यापुरतीच जागा कोरडी ठेवली. म्हणाला, ‘रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा बेकार असते बघा साहेब, आत वाफ राहते.’ घरी कुणी हा प्रयोग करू नये.

आता बंद केल्यावर काटा लगेच शून्याकडे उतरतो. चेंबर भरलेलाच असतो, त्यामुळे स्टार्टिंगला त्रास नाही.

ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, जुने रबरी पाइप काढून इथेनॉलला टिकणारे एसएई जे३० आर९ दर्जाचे लावले. डिपस्टिकचाही वास घेत असतो. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं.

तुळजापूरचा घाट अजून बाकी आहे. भर दुपारी, चार माणसं बसवून, गेज तसाच ठेवून. चढावर काटा दोनच्या खाली गेला तर एक पॅकिंग काढणार.