सॉकेटचं तिसरं भोक

गिरगावातल्या एका चाळीतली खोली. अभंगाला इलेक्ट्रिक गिटारची साथ रेकॉर्ड करायची होती. हेडफोन लावला, तर सुरांआधी घूं ऐकू आली. तारांवर हात ठेवला की ती निम्म्यावर येई आणि बोटांना बारीक झिणझिण्या येत. अशी खूण मिळाली की केबल बदलत बसू नये, आधी अर्थिंग बघावं, म्हणजे सॉकेटचं तिसरं भोक जमिनीशी जोडलेलं आहे का ते.

रेकॉर्डिंग लॅपटॉपवर होतं. चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला. घूं जवळजवळ गेली. मग चार्जर परत लावून मल्टीमीटर घेतला. फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट. पण त्याच बोर्डावर फेज-अर्थ ११०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थही तेवढंच! अर्थिंग धड असेल तर फेज-अर्थ २३०च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच असायला हवं.

मेन स्विच बंद करून सॉकेट उघडला. हिरवी वायर होती, पण कापून, टेप गुंडाळून मागे खुपसलेली. चार्जरच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थ अधांतरी राहिला की लॅपटॉपची बॉडी, इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी), केबलची जाळी, गिटारच्या तारा, सगळ्यांवर निम्मं व्होल्टेज चढतं. करंट मिलिअँपच्याही आतला, पण टेक, म्हणजे एकेक रेकॉर्डिंग, बिघडवायला पुरेसा. शिवाय एखादं उपकरण आतून शॉर्ट झालं, तर वादकाच्या जिवावर बेतेल. आवाज घालवायला चार्जरची तिसरी पिन काढून टाकतात, ते कधीही करू नका.

वायरमनने मीटरपेटीतल्या अर्थपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नव्याने ओढली. न्यूट्रल-अर्थ १.२ व्होल्टवर आलं. स्पीकर समोरच्या भिंतीच्या सॉकेटवर होते, त्यामुळे आता अर्थ लूप झाला, म्हणजे अर्थला दोन वाटा मिळून त्यांचं वेटोळं झालं आणि त्यातूनही घूं येते. ते लॅपटॉपच्याच बोर्डावर घेतले आणि टीआरएस केबल लावल्या, म्हणजे बाहेरचा आवाज कापणाऱ्या, सिग्नलच्या दोन तारा असलेल्या.

तरी एक खरखरीत झर्र उरली. पंखा बंद केला, थांबली. गोल फिरवायचा रेग्युलेटर ट्रायकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचा होता. तो विजेची लाट प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, आणि त्या झटक्यांचा आवाज पिकअपमध्ये, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या गिटारवरच्या चुंबकी कॉइलमध्ये, शिरतो. त्याजागी कपॅसिटरचा स्टेपवाला बसवला. पंखा चालू, झर्र नाही.

शेवटी उरली सिंगल कॉइल पिकअपची स्वतःची घूं. तिला दिशा असते. वादकाला खुर्चीसकट थोडं थोडं वळवत गेलो. खिडकीकडे पाठ झाली तेव्हा ती सगळ्यांत कमी आली. खुर्चीच्या चारही पायांपाशी खडूने खुणा केल्या आणि पहिला टेक लावला.