आमची वाटचाल : शिवण, उधारी आणि उपकारस्तुती

ताडपत्री, सुती कॅनव्हासचे तंबू, यंत्रांवर घालायची आच्छादनं, मालवाहू गाड्यांची झाकणं, हे सगळं शिवून देणं हा आमचा व्यवसाय. मी हिशेब आणि कापणी बघते, माझे मिस्टर शिलाई आणि गिऱ्हाइकं सांभाळतात. आमच्यासोबत मोजकीच माणसं आहेत, पण बहुतेक जण सुरुवातीपासूनची आहेत. धंद्याची वाटचाल लिहायची तर यंत्रं, ऑर्डरी आणि उलाढालीबद्दल लिहायची पद्धत आहे. तेही लिहीन. पण आम्ही इथवर आलो ते प्रभू येशूच्या कृपेने, हे बाजूला ठेवून लिहिलं तर मजकूर अर्धा राहील.

यांची नोकरी सुटली तेव्हा हाताशी होतं ते शिवणकामाचं कसब आणि जाड कापडावर चालणारं एक जुनं मशीन. पहिली कामं दुरुस्तीची होती. फाटलेल्या ताडपत्रीला ठिगळ लावणं, निघालेल्या रिंगा पुन्हा ठोकणं, उसवलेल्या दुमडी परत शिवणं. आम्ही दोघं आधी प्रार्थना करायचो आणि मग शटर उघडायचो. काम मिळालं की संध्याकाळी आभार मानायचो. त्या काळात आभार मानायला काही कष्ट पडत नसत, कारण मागितलेलं बहुतेक वेळा मिळत होतं.

हळूहळू दुरुस्तीवरून नव्या कामावर आलो. सुती कॅनव्हास आम्हाला आजही सगळ्यात आवडतं. नवं कॅनव्हास पहिल्यांदा नीट भिजलं की धागा फुगतो आणि शिवणीतली सुईची भोकं बुजतात. म्हणून नवा तंबू वापरण्याआधी एकदा पुरता भिजवा आणि पूर्ण वाळवूनच घडी घाला, असं आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगतो. ओल्या कॅनव्हासची घडी घातली तर बुरशी धरते आणि कितीही चांगलं कापड कुजून जातं. पुढे प्लास्टिकचा लेप असलेलं कापड आलं. ते शिवण्यापेक्षा गरम हवेने जोडलेलं बरं, कारण तिथे सुईचं भोक आपोआप बुजत नाही. त्यासाठी यंत्र घेतलं आणि त्याचे हप्ते सुरू झाले.

या धंद्याचा स्वभावच अनिश्चित आहे. पावसाआधी कामाला हात पुरत नाहीत, आणि नंतर महिनोन्महिने मशीनवर धूळ बसते. कापड रोखीने घ्यावं लागतं आणि माल उधारीवर जातो. मधलं अंतर आपण सोसायचं. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही प्रार्थना लहानपणापासून पाठ होती. पण ‘आज’ म्हणजे फक्त आज, हे मला धंद्यात पडल्यावर उमगलं. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएली लोकांना रानात मान्ना (देवाने दिलेलं अन्न) मिळतो, तोही त्या दिवसापुरताच. उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडतात. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळतो आणि शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, राखलेला टिकतो. मी हिशेब ठेवणारी बाई आहे, मला शिल्लक लागते, आणि शिल्लक ठेवणं चुकीचं आहे असंही मी म्हणत नाही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवलं म्हणून दुष्काळात लोक जगले. तरीही शिल्लक नसलेल्या महिन्यात देव आपल्याला सोडून गेलेला नसतो, हे त्या रानातल्या गोष्टीने माझ्या मनावर ठसवलं.

मग तो हंगाम आला. एका मोठ्या गिऱ्हाइकाने त्याच्या मापाची बरीच आच्छादनं करून घेतली, थोडी आगाऊ रक्कम दिली, माल उचलला आणि पुढचे पैसे थांबवले. आज देतो, उद्या देतो करत वर्ष सरलं. तयार करून ठेवलेला उरलेला माल त्याच्याच मापाचा, दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही. कापड पुरवणाऱ्याचं देणं डोक्यावर, यंत्राचा हप्ता चालू, आणि त्यातच यांचं पाठीचं दुखणं इतकं वाढलं की मशीनवर बसणं बंद झालं.

मी खरं सांगते, त्या दिवसांत माझ्या तोंडून आभाराचा शब्द निघत नव्हता. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उभं राहून लोक साक्ष देत, ‘प्रभूने माझं काम केलं’ म्हणत, आणि माझा घसा दाटून येई. आमच्या पाळकांनी उपदेश केला नाही. ते घरी आले, यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “ताई, सध्या स्तुतीची स्तोत्रं राहू देत. तक्रारीची वाचा.” तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला विचारतो, कुठवर मला विसरणार? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर सुरू होतं आक्रोशाने आणि संपतंही अंधारातच, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, देवाच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या ते उपासनेत म्हटलं आहे. त्या रात्री मी ते मोठ्याने वाचलं आणि कित्येक आठवड्यांनी मला प्रार्थना केल्यासारखं वाटलं. ज्यांना वाटतं की विश्वासणाऱ्याने कायम हसतमुख राहायला हवं, त्यांनी हे स्तोत्र एकदा सावकाश वाचावं.

तिथून हबक्कूकाकडे गेले. तो छोटासा ग्रंथ आहे, तीनच अध्यायांचा. शेवटी संदेष्टा एकेक खातं उघडून दाखवतो : अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचा हंगाम बुडाला, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. सगळीच्या सगळी रिकामी. आणि मग म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. नुकसान लहान करून सांगत नाही, ‘यातूनही काही चांगलं निघेल’ असंही म्हणत नाही. जे नाही ते नाही म्हणून नोंदवतो आणि त्यानंतर देवाकडे वळतो. हिशेबाच्या माणसाला पटेल अशी ही उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, मला पहिल्यांदा भेटली.

पण आम्हाला खरा आधार दिला तो आमच्याच पेशाच्या माणसांनी. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अठरावा अध्याय. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोम सोडायचा हुकूम दिला, इ. स. 49 च्या सुमारास. त्यात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं करिंथला येऊन पडलं. गावोगावी येशूचा संदेश सांगणारा प्रेषित पौल त्यांच्याकडे गेला आणि तिथेच राहून काम करू लागला, कारण तिघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. ते चामड्याचे तंबू करत की किलिकियातल्या बकऱ्यांच्या केसांच्या जाड कापडाचे, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. मला त्याने फरक पडत नाही. सुरी, दाभण आणि सुई त्यांच्याही हातात असणार, बोटांना घट्टे त्यांच्याही पडले असणार.

हा उतारा मी आयुष्यभर ऐकला होता, पण धंदेवाईक बाईच्या नजरेने तेव्हाच वाचला. एका हुकमाने घर आणि गिऱ्हाइकं सुटलेलं जोडपं परक्या गावात नव्याने मांडामांड करतं, आणि त्यातही एका अनोळखी माणसाला घरात आणि कामात जागा देतं. पुढे ते पौलाबरोबर इफिसला गेले, त्यांच्या घरात मंडळी जमू लागली, आणि रोमकरांच्या पत्रात पौल लिहितो की त्यांनी त्याच्या जिवासाठी आपला जीव धोक्यात घातला. कारागिराच्या घरात हे घडलं.

आणि याच करिंथच्या मुक्कामात पौलाने थेस्सलनीका शहरातल्या विश्वासणाऱ्यांना पहिलं पत्र लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात, साधारण इ. स. 50 च्या आसपास. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वाक्य त्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं. ज्यांना लिहिलं त्यांची स्थिती काय होती? विश्वास धरल्याबद्दल त्यांना शहरात छळ सोसावा लागत होता, पौलाला घरात ठेवून घेणाऱ्या यासोनाला अधिकाऱ्यांपुढे ओढत नेऊन त्याच्याकडून जामीन घेतला गेला होता. आणि लिहिणारा कोण? त्याच पत्रात तो आठवण करून देतो की तुमच्यातल्या कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस कामधंदा केला. हे वाक्य सुखवस्तू माणसाने लिहिलेलं नाही, हातावर पोट असलेल्या कारागिराने लिहिलेलं आहे. हे कळलं तेव्हा ती आज्ञा मला ओझं वाटेनाशी झाली.

यांना मी हे सांगितलं तेव्हा ते पडल्या पडल्या म्हणाले, “मग आपल्याला काय करता येईल ते बघू. आभार तोंडानेच मानले पाहिजेत असं थोडंच आहे?” तिथून आमच्या व्यवसायाचा एक नियम ठरला आणि तो आजवर मोडलेला नाही : मजुरी आधी. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचं चित्त तिच्याकडे लागलेलं असतं. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब तर म्हणतो, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. आमचे पैसे कुणीतरी अडवून ठेवले होते, म्हणून आम्ही खालच्याचे अडवायचे, ही साखळी आमच्या दारात थांबवायची असं ठरलं.

त्यासाठी गाडी विकली. वही सगळ्यांसमोर उघडी ठेवली, किती येणं, किती देणं. आमच्याकडच्या सगळ्यात ज्येष्ठ शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या, “पोरी, एवढं कधी कुणी दाखवलं नव्हतं गं. थोडे दिवस कमी दिलंस तरी चालेल, पण मशीन विकू नकोस.” मजुरी आम्ही कमी केली नाही. मशीनही वाचलं. कापडवाल्यालाही खरी परिस्थिती सांगून मुदत मागितली. त्याने ती दिली, आणि त्याच्यासाठी आम्ही आजही देवाचे उपकार मानतो. पुन्हा दुरुस्तीची कामं घ्यायला लागलो, अगदी पहिल्यासारखी. त्या पडून राहिलेल्या मालातलं जेवढं कापड निघालं, त्यातून पिशव्या आणि छोटी झाकणं शिवली.

तेव्हापासून आठवड्याच्या शेवटी मजुरी वाटण्याआधी आम्ही प्रार्थना करतो. सगळे कामगार ख्रिस्ती नाहीत. ज्याला उभं राहायचं तो राहतो, ज्याला नको त्याला आम्ही कधी विचारत नाही, आणि त्याचा पगाराशी काही संबंध नाही. त्या आठवड्यात कुणाच्या कामाबद्दल, कुणाच्या मदतीबद्दल देवाचे आभार मानायचे, ते नाव घेऊन म्हणतो. दुखणी, अडचणी, थकलेले पैसेही तिथेच मांडतो. मावशी कधी चुकत नाहीत, आणि आमच्या उपासनेला त्या कधी आल्या नाहीत, हेही खरं.

पैसे बुडवणाऱ्या त्या माणसाचं नाव प्रार्थनेत घ्यायला मला फार वेळ लागला. प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या ऋण्यांना ऋण सोडल्याचं बोलताना डोळ्यांपुढे तोच चेहरा यायचा. वकिलामार्फत नोटीस आम्ही पाठवली, काही रक्कम वसूल झाली, बाकी अजून अडकलेली आहे आणि ती मागणं आम्ही सोडलेलं नाही. न्याय मागणं आणि मनातलं विष सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम माझ्याकडून प्रभू करून घेतो आहे, थोडं थोडं.

एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे, कारण मंडळीतही हा गैरसमज भेटतो. आभार मानले म्हणजे धंदा वाढतो, असं आम्ही कुणाला सांगत नाही. आमच्याहून जास्त प्रार्थना करणाऱ्या एका कुटुंबाचं दुकान बंद पडलं. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो आणि आभार मानायला एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? पण त्या नऊ जणांचा आजार परत आला असं कुठेही लिहिलेलं नाही. आभार मानणं हा कृपा चालू ठेवण्याचा हप्ता नव्हे. त्या एकाला जास्तीचं मिळालं ते हेच की तो येशूच्या पायापाशी होता.

यांची पाठ आता बरीच बरी आहे, पण ते मशीनवर थोडाच वेळ बसतात. गरम हवेचं यंत्र आता मावशींची मुलगी चालवते, आणि कोपऱ्यांची जोडणी तिच्याइतकी साफ यांनाही जमत नाही. नवा नियम म्हणून एकाच गिऱ्हाइकाच्या मापाचा मोठा माल अर्धी रक्कम हातात आल्याशिवाय आम्ही कापत नाही. यंदाच्या हंगामाचं कापड मागवलं आहे, कापडाचा भाव स्थिर नाही, आणि आलेल्या ऑर्डरी गेल्या वेळेपेक्षा कमी आहेत. याकोबाने व्यापाऱ्यांना सांगितलेलं ‘प्रभूची इच्छा असेल तर’ मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय आणि त्याखाली शनिवारच्या मजुरीची रक्कम वेगळी काढून ठेवली आहे. ज्यांनी वाईट काळातही आपल्या ताडपत्र्या दुरुस्तीला आमच्याकडेच आणल्या, त्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांचे मनापासून आभार. तुमची नावं आम्ही दर शनिवारी घेतो.