काकांचा पांढरा बास

काकूंचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात एका कार्यक्रमाच्या साउंड चेकला होतो. "अरे, ह्यांची ती मोठी गिटार एक जण पंचवीस हजाराला मागतोय. रंग बदललेला आहे, याहून जास्त कुणी देणार नाही म्हणतो. उद्या गाडी घेऊन येतो म्हणालाय. देऊन टाकू का?"

मी म्हटलं, "काकू, उद्या त्याला येऊ देऊ नका. रविवारी मी येतो, मग ठरवू."

काका जाऊन वर्ष होत आलं. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वाद्यवृंद, असं ऐंशीचं सगळं दशक त्यांनी काढलं. गणपतीत रोज वेगळं मंडळ, एरवी गडकरी रंगायतन आणि लग्नाचे हॉल. माझ्या हातात बास, म्हणजे खालच्या सुरांची ही मोठी गिटार, पहिल्यांदा दिला तो त्यांनीच. मी चौदा वर्षांचा होतो आणि माझी बोटं दुसऱ्या फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या पडद्यापर्यंतही धड पोचत नव्हती. तो बास मला हवा होता, कितीतरी वर्षांपासून हवा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यापुरतं पुढचं सगळं त्यामुळेच अवघड होतं.

रविवारी डोंबिवलीला पोचलो तोवर दुसरा आकडाही येऊन बसला होता. काकूंच्या भाच्याने मोबाईलवर शोधून 'जुना फेंडर बास दहा लाखांना जातो' असं सांगितलं होतं. फेंडर ही बास बनवणारी अमेरिकन कंपनी. म्हणजे एकाचे पंचवीस हजार, दुसऱ्याचे दहा लाख, आणि काकू बिचाऱ्या मधे. दोन्ही आकडे चुकीचे आहेत हे मला दिसत होतं. पण मी नुसता तिसरा आकडा सांगितला असता तर काकूंच्या दृष्टीने तोही ऐकीवच. किंमत काढायची होतीच, पण ती तेवढीच का, हेही काकूंना कळायला हवं होतं.

रेक्झिनच्या पिशवीतून बास बाहेर काढला. पांढराशुभ्र. १९८६ मध्ये वाद्यवृंदाने सगळ्यांना पांढरे सूट शिवले, तेव्हा काकांनी गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन त्यावर ड्युको मारून घेतला होता. हेडस्टॉक, म्हणजे मानेचं वरचं टोक, मात्र कागद चिकटवून वाचवला होता. त्यावर फेंडर प्रिसिजन बास हे नाव शाबूत, आणि खाली कारखान्याचा नंबर, एस ७ ने सुरू होणारा.

तो नंबर वाचला आणि दहा लाखांचा प्रश्न तिथेच मिटला. १९७६ पासून फेंडरने नंबर हेडस्टॉकवर टाकायला सुरुवात केली, आणि त्यातला 'एस' म्हणजे सत्तरचं दशक. एस ७ म्हणजे साधारण १९७७. नंबर पुढेमागे वापरले जायचे, म्हणून एखादं वर्ष इकडेतिकडे धरायचं. भाच्याने पाहिलेले बास १९६५ च्या आधीचे होते. काकूंना मी सगळी गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला १९५१ मध्ये हा बास काढला. त्याआधी बास म्हणजे उभा डबल बास, माणसाएवढा, पडदे नसलेला. सूर कानाने शोधायचा आणि वाद्य टेम्पोत घालून न्यायचं. फेंडरने त्याला फ्रेट लावले, सूर नेमका लागू लागला, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ मध्ये पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, दोन तुकड्यांचा झाला आणि बासला आज दिसतं ते रूप आलं. मग जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्यानंतर उत्पादन वाढलं, लाकडाची निवड आणि हातकाम सैल झालं, असं वादक आजही मानतात. ते प्रत्येक बासला लागू पडतं असं मला वाटत नाही. सत्तरच्या दशकातले काही बास मी वाजवलेत, उत्तम आहेत. पण बाजार या एका तारखेवर दोन भागांत विभागला गेलाय, आणि १९६३ चा बास आणि १९७७ चा बास यांच्या भावात कितीतरी पटींचा फरक आहे.

काकू म्हणाल्या, "म्हणजे आपला उशिराचा."

"उशिराचा. पण खरा आहे का, ते उघडल्यावर कळेल."

नुसत्या नंबरवर विश्वास ठेवायचा नाही. नाव आणि नंबराचं स्टिकर दुसऱ्या मानेवरही चिकटवता येतं. तारा सैल केल्या, पिकगार्डचे, म्हणजे पुढच्या काळ्या पट्टीचे, स्क्रू काढले. काकूंनी त्यासाठी चिवड्याची वाटी आणून दिली. काही स्क्रू गंजून चिकटले होते, इकडच्या दमट हवेत तसं होणारच. पिकगार्ड उलटा केला आणि टॉर्च धरून आवाजाच्या बटणामागच्या पॉटच्या पत्र्यावरचे आकडे वाचले: १३७ ७६ ३२. यातले १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ७६ म्हणजे वर्ष, ३२ म्हणजे आठवडा. १९७६ च्या ऑगस्टच्या सुमारास बनलेला पॉट. पॉटची तारीख एवढंच सांगते की वाद्य त्याच्या आधीचं नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला आणि तो पुढची काही वर्षं पुरवला, त्यामुळे साठच्या दशकातल्या वाद्यांत तर पॉटच्या आणि वाद्याच्या वर्षातला फरक जास्तच दिसतो. इथे मात्र ७६ चा पॉट आणि एस ७ चा नंबर छान जुळत होते. त्यावरचं झाळकाम जुनं, मळकं, एकदाच केलेलं. टोनचा पॉट मात्र बदललेला, झाळकाम नवं आणि चकचकीत. पिकअप खालून करड्या रंगाचे, त्या काळात असायचे तसे, आणि आतल्या वायरी मूळच्या.

पुढे मानेचे चार स्क्रू काढले. हा क्षण मला नेहमी थोडा भीतिदायक वाटतो. मान अलगद सुटली. तिच्या टाचेवरचा शिक्का पुसट झालेला, त्यातला ७ तेवढा मला वाचता आला. आणि ज्या खाचेत मान बसते तिथे ड्युको पोचलाच नव्हता. तिथे कारखान्याचाच रंग होता, सनबर्स्ट, म्हणजे मधे फिका आणि कडेला गडद होत जाणारा. काकू वाकून पाहत राहिल्या. "लग्नात होता तो रंग हाच," त्या म्हणाल्या. त्यांचं लग्न १९८४ चं. आदल्या वर्षी शेजारच्या एका मर्चंट नेव्हीतल्या माणसाने हा बास बोटीवरून आणून दिला होता.

आता रंगाचा हिशेब. जुन्या वाद्याचा रंग बदलला की किंमत साधारण निम्मी होते, हा या बाजारातला रुळलेला आडाखा. पण रंग खरवडून नवा देणं वेगळं आणि जुन्यावर नवा चढवणं वेगळं. पिकअपच्या खाचेच्या कडेला ड्युकोचा टवका उडाला होता आणि खाली मूळ चकाकी शाबूत दिसत होती. फेंडर १९६८ पासून जाड पॉलिएस्टरचा थर देत होती, त्या थरामुळे सत्तरच्या दशकातले बास काचेसारखे लागतात. ड्युको थिनरमध्ये विरघळतो, पॉलिएस्टर तितक्या सहज नाही. माझ्या ओळखीचा एक पेंटर लगेच म्हणाला, दोन दिवसांत पांढरा उतरवून देतो. मी नको म्हटलं. थिनरचा एक ओघळ हेडस्टॉकवर गेला तर स्टिकरसकट नंबर जाईल. आणि उतरवायचा की ठेवायचा हे घेणाऱ्याने ठरवावं. आपण फक्त खाली काय आहे ते फोटोसकट सांगायचं.

फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची फळी, शिसवाचा. त्या काळात फेंडर ज्याचे फिंगरबोर्ड करत होती ते बहुतेक भारतीय शिसव असायचं. काकूंनी बोट फिरवून पाहिलं, "आपल्या पोळपाटासारखंच लागतं." तेच लाकूड! आपल्याकडच्या जंगलातून अमेरिकेला, तिथून बोटीने परत डोंबिवलीला. परदेशात वाद्य विकायचं असेल तर हे लाकूड महत्त्वाचं ठरतं. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कडक नियमांत आल्या होत्या. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला ती सूट नाही.

बाकीची तपासणी पटापट झाली. मान सरळ, तिला सरळ ठेवणारा आतला ट्रस रॉड फिरतो. फ्रेट झिजलेले, पण फ्रेट बदलावे लागणं हे वाजवलेल्या वाद्याचं साहजिक दुखणं आहे, त्याने फार भाव पडत नाही. अंगठा टेकवायची पट्टी जाड तारेच्या बाजूला, १९७४ नंतरच्या बासवर असते तिथेच. त्याआधी ती खालच्या बाजूला असायची, कारण माणसं अंगठ्याने वाजवतील आणि बोटं त्या पट्टीला धरतील अशी कल्पना होती. पातळ तारेवर सातव्या फ्रेटच्या आसपास सूर लवकर विरतो, ही फेंडर बासची जुनी खोड, तीही जागेवर. तारा बाजूला काढल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "ह्या मी उकळलेल्या आहेत." नव्या तारा महाग आणि मिळायला दुर्मिळ, म्हणून काका त्या उकळत्या पाण्यात घालायला लावायचे. मळ सुटला की महिनाभर पुन्हा खणखणीत वाजायच्या. त्याचं पातेलं वेगळं असायचं आणि ते अजून त्यांच्या ओट्याखाली आहे.

मूळ पेटी नाही. पण मी सहज विचारलं, "पितळी नाही, चकचकीत लोखंडी झाकणं होती का दोन, वाकवलेली?" काकू माळ्यावरचा डालड्याचा डबा घेऊन आल्या. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली ब्रिजची (तारा जिथे अडकवतात त्या भागाची) आणि पिकअपची दोन्ही झाकणं! वादक ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात, आणि पुढे ती हरवतात. तिकडे त्यांना 'ॲशट्रे' म्हणतात, काही जण त्यांचा खरंच तसाच वापर करायचे. सुटी मूळ झाकणं शोधणारे लोक चांगले पैसे मोजतात.

मग आकडेमोड. इंटरनेटवर विकायला लावलेल्या वाद्यांचे भाव पाहून काही कळत नाही, तिथे कुणीही काहीही मागतो. पाहायचे ते विकले गेलेल्यांचे भाव. १९७६ ते १९७९ चे, मूळ रंगातले, सगळे भाग जागेवर असलेले प्रिसिजन बास मला दोन ते तीन हजार डॉलरच्या दरम्यान गेलेले दिसले. डॉलर ८५ रुपये धरला तर १,७०,००० ते २,५५,०००. रंगाचे निम्मे गेले, उरले ८५,००० ते सव्वा लाख. खाली मूळ रंग आहे आणि झाकणं आहेत, म्हणून वरच्या अंगाला सरकायचं. टोनचा पॉट बदललेला, पेटी नाही, आणि मुंबई-पुण्यात अशा बासला गिऱ्हाईक मोजकं, म्हणून पुन्हा थोडं खाली. मी कागदावर लिहिलं: १,१०,००० मागा, ९०,००० च्या खाली देऊ नका. दुकानदाराला दिला तर तो याच्या साधारण निम्मे देईल. त्यात तो फसवत नाही, त्याला भाडं आहे, थांबायचं आहे. पण घाई नसेल तर त्याच्याकडे जाऊ नये.

काकूंनी कागद दोनदा वाचला. मग हळूच विचारलं, "ह्यांनी इतकी वर्षं वाजवला, त्याचं काही धरत नाहीत का रे?"

मला खोटं बोलता आलं नाही. प्रसिद्ध बासवादक जॅको पास्टोरियस यांचा १९६२ चा फेंडर जॅझ बास फ्रेट काढून टाकलेला होता. दुसऱ्या कुणाचा असता तर भाव पडला असता, त्यांचा मात्र अमोल झाला, कारण तो आवाज जगाने रेकॉर्डवर ऐकलाय. काकांचं रेकॉर्डिंग नाही. मंडळाच्या मांडवातला एक फोटो आहे, पांढरा सूट, पांढरा बास. बाजार तो धरत नाही. मी सांगितलं, "नाही धरत, काकू. पण मान सरळ राहिली, पिकअप मूळचे राहिले, ते त्यांनी नीट वापरला म्हणून. ते या आकड्यात आहे." काकूंनी मान हलवली.

मग त्या म्हणाल्या, "तूच घे ना. तू म्हणशील ते दे."

इथेच मी अडलो. भाव सांगणारा आणि घेणारा एकच माणूस असला की कितीही प्रामाणिक असो, त्याचा हात आपोआप खाली झुकतो. टोनच्या पॉटचे मी जरा जास्तच कापले का, हा विचार तोवर मला दोनदा येऊन गेला होता. म्हणून मी त्यांना म्हटलं की दुसऱ्या कुणाकडून भाव काढून घ्या, माझा कागद त्याला दाखवू नका. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे त्या स्वतः बास घेऊन गेल्या. त्याने १,१५,००० सांगितले. माझ्यापेक्षा पाच हजार जास्त. मग आम्ही तोच आकडा धरला आणि जाहिरात टाकली. मी काकूंना सांगितलं, आधी दुसऱ्यांना येऊ द्या. महिनाभरात कुणी पूर्ण पैसे देणारं मिळालं नाही तर त्याच भावाला मी घेईन.

मला तो मिळाला नाही. तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून एक मुलगी आली, बॅंडमध्ये वाजवणारी, विशीतली. काकूंनी मला बोलावून घेतलं होतं, पण मी खिडकीपाशी गप्प बसून राहिलो. तिने बास मांडीवर घेतला, दोन्ही बाजूंनी फिरवला आणि संकोचत विचारलं, "काकू, रंगवलेला आहे ना, मग हा खरा सत्त्याहत्तरचा कशावरून?"

काकूंनी तिच्यापुढे चिवड्याची रिकामी वाटी आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवला. "आधी तारा सैल कर," त्या म्हणाल्या. "मग ही काळी पट्टी उघड. आवाजाच्या बटणामागे लिहिलंय बघ. एकशे सदतीस, शहात्तर, बत्तीस."